बाई, एक विचारू? : बाण कुणाच्या पोटात जातो

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की लहान मुलांना ‘परिसंस्था’ हा शब्द उशिरा कळला तरी बिघडत नाही, पण त्यांना एकदा उंबराखाली तासभर बसवा. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांनी मलाही डोकं खाजवायला लावलं ती सहा घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच, की मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. त्यातली एकोणीस भोर तालुक्यातल्या एका दोन शिक्षकी शाळेत गेली. प्राणिशास्त्र शिकलेली नाही, डी.एड. झालेली बाई आहे. मुलांनी जे दाखवलं ते आधी पाहिलं आणि मग पुस्तकात शोधलं, हाच माझा अभ्यासक्रम.

मी तिसरीला परिसर अभ्यास शिकवते. गवत, टोळ, बेडूक, साप, घार ही अन्नसाखळी मुलं घडाघड म्हणतात. पण ‘बेडूक नाहीसे झाले तर?’ असं विचारलं की वर्ग चिडीचूप. एकाने तर पेपरात ‘गवत टोळाला खाते’ असं लिहिलं. माझं काय चुकतंय? (एक शिक्षिका, जालना)

ताई, आधी त्या मुलाला अर्धा गुण देऊन टाका. त्याने बाण प्रामाणिकपणे वाचलाय. आपण फळ्यावर गवतापासून टोळाकडे बाण काढतो. मुलाच्या डोक्यात बाण म्हणजे रामाचा. तो रामाकडून रावणाकडे जातो, म्हणजे मारणारा राम. मग गवताकडून टोळाकडे बाण गेला तर मारणारं कोण? गवतच की! माझ्याही वर्गात हे व्हायचं आणि मला वाटायचं पोरांचं लक्ष नाही. पुढे मी बाण तसाच ठेवला आणि तो वाचायची रीत बदलली. बाण दिसला की ‘च्या पोटात’ म्हणायचं. गवत टोळाच्या पोटात, टोळ बेडकाच्या पोटात, बेडूक सापाच्या पोटात. मुलं पोटावर हात मारून म्हणतात, त्यामुळे विसरत नाहीत. अन्न कुठून कुठे जातं, एवढंच त्या बाणाला सांगायचं असतं.

आता वर्ग चिडीचूप का होतो ते. साखळीत एक कडी काढली की साखळी तुटते आणि गोष्ट संपते. पुढे बोलायला काय उरतं? माझ्याकडे तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, “बाई, साप रोज बेडूकच खातो का? उंदीर समोर आला तर नको म्हणतो?” मी म्हटलं, खातो की. “मग बेडूक संपले तर तो उंदीर खाईल. मरेल कशाला?” त्या दिवशी माझा तक्ता मी गुंडाळून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी वर्ग ओढ्याकाठच्या उंबराखाली नेला. गावात मारुतीचं देऊळ सोडलं तर बसायला दुसरी सावलीही नव्हती, हे खरं कारण.

उंबर का, ते सांगते. आपल्याकडे फार दिवसांनी कुणी भेटलं की ‘उंबराचं फूल झालास’ म्हणतात, कारण उंबराला फूल दिसत नाही. पण फूल असतं. एक नाही, शेकडो असतात, आणि ती आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या आत असतात. उंबराचं कच्चं फळ म्हणजे आतून फुलांनी भरलेली बंद पिशवी. पिशवीच्या टोकाला बारीकसं भोक असतं. त्या भोकातून चिलटाएवढी एक माशी आत शिरते. ही गांधीलमाशीची दूरची बहीण. भोक इतकं अरुंद की आत जाताना तिचे पंख मोडून पडतात. आत ती बरोबर आणलेले परागकण फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. अंड्यांतून आधी नर निघतात. त्यांना पंख नसतातच. ते माद्यांशी जुगतात, फळाच्या भिंतीत बोगदा कोरतात आणि बाहेरचं जग न पाहताच मरतात. त्या बोगद्यातून पंखवाल्या माद्या परागकण घेऊन दुसरा उंबर शोधायला उडतात. त्यांच्या हातात एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात कच्ची फळं धरलेला उंबर सापडला तर ठीक, नाहीतर गोष्ट तिथेच संपली. या माशीला वड चालत नाही, पिंपळ चालत नाही. त्यांच्या माश्या वेगळ्या.

हे मी मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. मी फक्त एक दोनशे पानी वही झाडाखाली ठेवली. नाव ‘पाहुण्यांची वही’. त्यात चार रकाने केले. कोण आलं, काय केलं, काय नेलं, काय ठेवून गेलं. पहिले चार दिवस ‘कावळा आला. बसला. गेला.’ असलं रटाळ काम. पाचव्या दिवशी एकाने लिहिलं, ‘हरियाल आले. अकरा. उंबर खाल्ले. खाली टाकले पण.’ मग ते खाली पडलेले कोण खातं यावर भांडण. शेळ्या, मुंग्या, डुकरं, आणि ओढ्यात पडले तर मासे. हे शेवटचं एका कातकरी वाडीवरच्या मुलाने सांगितलं. तो उंबर टपकतात त्याच डोहात गळ टाकायचा. मला हे माहीत नव्हतं. तांबट, बुलबुल, खारी, वानरं, रात्री वटवाघळं, अशी वही भरत गेली. ‘काय ठेवून गेलं’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘घाण’ लिहिलेलं असायचं. मुलं तिथे खिदळायची. मग एके दिवशी शाळेच्या भिंतीच्या भेगेत पिंपळाचं रोप दिसलं आणि मी विचारलं, हे कुणी लावलं? कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “त्या घाणीनं.” त्यानंतर त्या रकान्याला हसणं बंद झालं.

महिनाभरानं आम्ही हिरवटपणा सोडू लागलेला उंबर फोडला. आतून किडे भुर्रकन बाहेर. अर्धा वर्ग ‘शी!’ आणि अर्धा वर्ग अजून चार फळं आणायला पळाला. माशीची गोष्ट तेव्हा सांगितली.

आणखी एक. प्रशिक्षणांत सुतळीचा खेळ शिकवतात. मुलं गोल उभी राहतात, एक झाड, एक पक्षी, एक किडा, आणि सुतळीनं सगळी जोडली जातात. मग एकाला सुतळी सोडायला लावतात आणि सगळं जाळं कोसळतं. खेळ छान आहे, पण शेवट मला खोटा वाटतो. खरं जाळं असं एका झटक्यात कोसळत नाही. बेडूक कमी झाले तर साप काही दिवस उंदरांवर काढतो, जशी आमची बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की बदली शिक्षक यायचा. पण उंबराच्या माशीला बदली शिक्षक नाही. ती गेली की उंबराला बी नाही, आणि उंबर गेला की ती नाही. तेव्हा सुतळी सोडायला लावायच्या आधी वर्गाला विचारा, हिच्या जागी कोण येऊ शकेल? ज्या सुतळीला ‘कुणीच नाही’ असं उत्तर येईल तिला लाल रंग द्या. तुमचा चिडीचूप वर्ग या प्रश्नावर बोलतो की नाही ते मला कळवा.

आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. मुलगी पाच वर्षांची. कढीपत्त्याच्या कुंडीत अळी सापडली म्हणून आम्ही ती काचेच्या बरणीत ठेवली, जाळी लावली, रोज पानं घातली. कोष झाला. मुलगी रोज सकाळी उठून बघायची. पण कोषातून फुलपाखराऐवजी बारीक बारीक काळसर माश्याच निघाल्या. मी तिला सांगितलं की फुलपाखरू रात्री उडून गेलं. हे योग्य केलं का? (एक आई, ठाणे)

नाही केलंत. पण मीही एकदा हेच केलंय, त्यामुळे रागावायचा हक्क नाही.

काय झालं ते आधी सांगते. कढीपत्त्यावर आणि लिंबावर येणारी ती अळी लहान असते तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, तपकिरी आणि मध्ये पांढरा पट्टा. पक्ष्यालाही ती विष्ठाच वाटते आणि तो सोडून देतो. मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून लाल शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे तुम्ही पाहिलं असेल. कोष करायला अळी एका जागी टेकते आणि कोष अजून मऊ असतो, त्या वेळी एक इवलीशी माशी येऊन त्यात अंडी घालते. तुमच्या जाळीची भोकं तिच्या मानानं दरवाजे असतील. त्या अंड्यांतल्या अळ्या कोष आतून खातात आणि एक छोटं भोक पाडून डझनावारी बाहेर पडतात. कोष अजून टाकला नसेल तर भिंग घेऊन बघा, भोक दिसेल.

म्हणजे तुमच्या मुलीनं सातव्या मजल्यावर, एका कुंडीत, झाड, अळी आणि अळीला खाणारी माशी अशी तीन पायऱ्यांची गोष्ट पाहिली. शाळेत हे चित्रातून शिकायला तिला तीन वर्षं लागली असती. आणि आपण तिला काय सांगितलं? उडून गेलं!

पाच वर्षांच्या मुलीला मी असं सांगेन: “मी तुला चुकीचं सांगितलं होतं. मला वाईट वाटलं म्हणून. फुलपाखरू झालंच नाही. या माशीच्या बाळांनी ते खाल्लं.” मग गप्प बसायचं. ती रडेल, रडू द्या. ‘माशी वाईट आहे का?’ असं विचारेल. तेव्हा ‘निसर्गाचा नियम आहे बाळा’ असलं काही म्हणू नका. मुलांना ते ‘गप्प बस’ असं ऐकू येतं. उलट विचारा, “आपल्या अळीनं किती पानं खाल्ली होती?” पुढच्या अळीच्या वेळी रोज पानं मोजून कॅलेंडरवर लिहायला लावा. फुलपाखराची मादी एकेक करत पुष्कळ अंडी घालते. सगळ्याच अळ्या वाढल्या तर कुंडीत काय राहील, हा हिशेब पाच वर्षांची मुलगी बोटांवर करू शकते. त्यानंतरही तिला माशी आवडली नाही तर नको आवडू दे. मलाही ती आवडत नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. नर्सरीतून आणलेल्या ताज्या रोपाची पानं अळीला घालू नका, त्यावर फवारणी असते आणि अळी मरते. आणि कढीपत्ता संपला म्हणून तुळस किंवा मनी प्लांट घालू नका. ही अळी लिंबू, कढीपत्ता, बेल या एकाच घराण्यातली पानं खाते. बाकी समोर ठेवलंत तर उपाशी मरेल. रस्त्याकडेच्या रुईवर वेगळी अळी असते, काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेली. तिला रुई किंवा रुईच्या घराण्यातलीच पानं लागतात. ‘कुणाला काय चालत नाही’ हा खेळ मुलींना फार आवडतो, कारण ताटात त्यांचंही तेच चालू असतं.

माझी नात चार वर्षांची आहे. तिला हे सगळं शिकवायची इतकी घाई आहे का? (एक आजोबा, नाशिक)

नाही. चार वर्षांच्या नातीला एसटीच्या खिडकीत बसवा. म्हशीच्या पाठीवर किंवा पायाशी बगळा दिसला की विचारा, “हा हिच्या मागे का फिरतो?” तिचं उत्तर बहुधा ‘मैत्रीण आहे’ असं येईल. म्हैस चालते तेव्हा गवतातले किडे उडतात आणि बगळा ते टिपतो, म्हणून त्याला गायबगळा म्हणतात. हे आज सांगू नका. पुढच्या वर्षी ती स्वतः विचारेल, तेव्हा सांगा. तोपर्यंत मैत्रीण बरोबर आहे.

घराच्या खिडकीत कुंभारणीनं मातीचं घर केलंय. मी नातवाला आमच्या आईनं सांगितलेलं सांगितलं, की कुंभारीण अळीला आत कोंडते, टोचत राहते, आणि अळी भीतीनं तिचाच ध्यास घेऊन शेवटी कुंभारीण होते. नातू म्हणाला, “आजी, हे फेक आहे.” कीर्तनात ऐकलेलं खोटं कसं असेल? (एक आजी, सांगली)

आजी, मीही आजीच आहे, तेव्हा आपण दोघी बसून बोलू.

तुमच्या या गोष्टीला भ्रमर-कीटक न्याय म्हणतात. तो मी लहानपणी काकड आरतीनंतरच्या निरूपणात ऐकला आणि दिवसभर भिंतीवरच्या मातीच्या घराकडे बघत बसले. ज्यांनी तो दृष्टांत पहिल्यांदा दिला त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, हे नातवाला आधी सांगा. कुंभारीण माती आणते, गाडग्यासारखं घर करते, हे खरं. हिरवी अळी धरून आणते, हे खरं. तिला टोचते, हे खरं. तोंड लिंपून बंद करते, हे खरं. काही दिवसांनी आतून कुंभारीण बाहेर पडते, हेही खरं. सगळं बरोबर पाहिलंय. मधला फक्त बंद दाराआडचा भाग त्यांना दिसला नाही.

तिथे काय होतं ते असं. कुंभारीण घरात आधी एक अंडं घालते, छताला बारीक धाग्यानं टांगून. मग अळ्या आणून भरते. टोचते ती मारायला नाही, लुळी करायला. मेलेली अळी सडली असती, लुळी अळी ताजी राहते. फ्रीज नसलेल्या घरातली युक्ती म्हणा. अंड्यातून तिचं बाळ निघतं, या अळ्या खातं, तिथेच कोष करतं, आणि मग भोक पाडून बाहेर. भिंतीवर लांबुळक्या नळ्यांसारखी घरं असतील तर ती तिच्या चुलतबहिणीची. ती अळ्यांऐवजी कोळी भरते.

नातवाला घेऊन जुनं, भोक पडलेलं घर उलथन्यानं अलगद उचला. आत कोषाची सालं, कधी कोळ्याचे सुकलेले पाय सापडतात. भरलेलं, तोंड बंद असलेलं घर फोडू नका, तो एका बाळाचा शिधा आहे. कुंभारीण एकटी राहते आणि उगाच डसायला येत नाही. गांधीलमाश्यांच्या पोळ्याशी मात्र तिची गल्लत करू नका. ते दिसलं तर मुलांना लांब ठेवा.

आणि एक म्हणू का? अळीची कुंभारीण होते, हे तुमच्या आईचं वाक्य मला अजूनही खरंच वाटतं. अळीच्या अंगाचंच कुंभारणीचं अंग होतं. फक्त वाट ध्यासातून नाही, पोटातून जाते. दृष्टांत भक्तीचा आहे, तो भक्तीसाठी ठेवा. नातवाला मात्र ‘फेक’ हा शब्द आजीसाठी वापरायचा नाही, एवढं माझ्याकडून सांगा.

आमची शेती आहे. दुसरीतला मुलगा माझ्याबरोबर रानात असतो. मी त्याला मित्रकीड, शत्रूकीड शिकवतो. पण परवा पावट्यावर माव्याची कीड पडली आणि तिच्यावर मुंग्या होत्या, तर म्हणतो, “पप्पा, मुंगी आपली मित्र का शत्रू?” मला सांगता येईना. (एक शेतकरी, जुन्नर)

दादा, पोरगं हुशार आहे. ‘कुणाची मित्र?’ हे त्याला विचारायचंय.

मावा पावट्याचा रस शोषतो आणि मागून गोड चिकटा टाकतो. पानं चिकट लागतात ती त्यामुळे. मुंग्यांना तो चिकटा हवा असतो. त्या मिशांनी माव्याला गोंजारतात, थेंब घेतात, आणि बदल्यात राखण करतात. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला होता, “बाई, मुंग्यांनी म्हशी पाळल्यात.” याहून चांगलं मला सांगता येणार नाही. ढालकिडा, तो ठिपक्यांचा, हा माव्याचा वाघ. तो आला की मुंग्या त्याला हुसकावतात. तेव्हा मुंगी माव्याची मित्र, ढालकिड्याची वैरी. पावट्याला या सौद्यात तोटाच. तीच मुंगी दुसरीकडे मेलेला किडा ओढून नेते, माती भुसभुशीत करते.

मुलाला ढालकिड्याची अळी ओळखायला शिकवा. ती तिच्या आईसारखी गोल गोंडस नसते. काळी, लांबट, बारक्या मगरीसारखी दिसते, आणि पुष्कळ जण कीड म्हणून तीच चिरडतात. ती दिवसभर मावाच खाते. आणि फवारणीचा निर्णय घेताना हे लक्षात असू द्या, की माव्याची मादी नराशिवायच पिल्लं देते, थेट जिवंत. औषधानं मावा आणि ढालकिडा दोघंही मेले तरी मावा आठवड्यात परत उभा राहतो. ढालकिड्याला अंडी, अळी, कोष असा लांबचा फेरा असतो. तुम्ही फवारू नका असं मी म्हणत नाही, घर तुम्हाला चालवायचंय. पण आधी एका ओळीत मावा किती आणि ढालकिडे किती, हे पोराला मोजून वहीत लिहू द्या. त्याचा गणिताचा गृहपाठही होईल.

बाई, मी तिसरीत आहे. माझे आजोबा सांगतात की आधी गुरं मेली की गिधाडं यायची. आम्ही गिधाड पाहिलं नाही. ती कुठे गेली? कोणी मारली का? (रायगड जिल्ह्यातला एक विद्यार्थी)

अरे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर छान आहे.

आजोबा बरोबर सांगतात. पूर्वी गाय किंवा बैल मेला की तो गावाबाहेर टाकत. आभाळात खूप उंच घिरट्या घालणाऱ्या एका गिधाडाला तो दिसायचा, ते खाली उतरायचं, त्याला बघून दुसरं, दुसऱ्याला बघून तिसरं. थोड्या वेळात नुसती हाडं उरायची. घाण वास नाही, रोगराई नाही. कुणी पैसे देत नव्हतं तरी ते काम करायचे.

मग साधारण 1990 नंतर ती मरायला लागली. झाडावर मान खाली घालून बसायची आणि टपकन पडायची. पांढऱ्या पाठीची गिधाडं तर इतकी कमी झाली की 1992 साली हजार असतील तर पंधरा वर्षांनी त्यांतलं एखादंच उरलं. बंदुकीनं कुणी मारली नव्हती. कारण शोधायला बरीच वर्षं लागली आणि ते 2004 साली जगासमोर आलं. गुरांना ताप आला, पाय सुजला की डायक्लोफिनॅक नावाचं औषध टोचत. गुराला त्यानं बरं वाटायचं. पण औषध टोचलेलं गुरू लगेच मेलं, तर ते औषध त्याच्या मांसात राहायचं. गिधाडानं ते खाल्लं की त्याचं मूत्रपिंड बंद पडायचं. मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारी गाळणी. एका मेलेल्या गाईवर खूप गिधाडं एकत्र जेवतात, त्यामुळे एक गाय किती जणांना पुरायची बघ.

म्हणजे औषध गाईला, आणि मेलं गिधाड. वर्गात तुम्ही बाण काढता ना, तसा काढ. औषध गाईच्या पोटात, गाय गिधाडाच्या पोटात. आता अजून एक बाण आहे, तो तू शोध: गिधाडं नाहीत, तर मेलेलं गुरू कोण खातं? (तुझ्या गावात कुत्री वाढलीत का, हेही आजोबांना विचार.)

2006 साली सरकारनं गुरांसाठी ते औषध बंद केलं. पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. तेव्हा गेलेली हजारो परत यायला किती वर्षं लागतील याचा तूच विचार कर. हरियाणात पिंजोर इथे गिधाडं पाळून वाढवतात. आणि तुझ्या जिल्ह्यात, म्हसळ्याकडे, थोडी अजून आहेत. आईबाबांना सांगून जमलं तर बघून ये. घरट्याच्या जवळ मात्र जायचं नाही आणि ओरडायचं नाही.

मला एक काम करून देशील? तुमच्या गावात मेलेली गुरं टाकायची जागा कुठे होती, ते आजोबांना विचार. त्यांच्याबरोबर तिथे जा. आता तिथे काय आहे, कोण येतं, कोण काय नेतं, कोण काय ठेवून जातं, ते चार रकान्यांत लिहून पाठव. वही नसेल तर पोस्टकार्डावर मावेल तेवढं चालेल.